न तापता अडवणारी कॉइल

२३० व्होल्टचा एक छोटा ट्रान्सफॉर्मर घ्यावा आणि त्याच्या प्रायमरीचा रोध मल्टिमीटरने मोजावा. समजा ४० ओहम भरला. शाळेत शिकलेला ओहमचा नियम लावला तर २३० भागिले ४०, म्हणजे पावणेसहा अँपिअर प्रवाह आणि तेराशे वॅटहून जास्त उष्णता. या हिशेबाने तो ट्रान्सफॉर्मर प्लगमध्ये लावताच जळायला हवा. प्रत्यक्षात दुय्यम बाजू मोकळी असताना तो शंभर मिलीअँपिअरच्या आतच प्रवाह घेतो आणि वर्षानुवर्षे नुसता कोमट राहतो. मात्र तोच ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्ट डीसीवर जोडला तर शाळेतला हिशेब तंतोतंत खरा ठरतो आणि थोड्याच वेळात इनॅमल जळल्याचा वास सुटतो.

तार तीच, वेढे तेच, दाबही तेवढाच. एसीवर जे त्या ट्रान्सफॉर्मरला वाचवते आणि डीसीवर नाहीसे होते, त्याचे नाव इंडक्टिव्ह रिअ‍ॅक्टन्स. आयटीआयपासून अभियांत्रिकीपर्यंत प्रत्येक विद्युत अभ्यासक्रमात त्याचे सूत्र एका ओळीत येते, परीक्षेत दोन गुण देते आणि बहुतेकांच्या डोक्यात ‘रोधाचाच एक प्रकार’ म्हणून राहून जाते. या विषयातल्या बहुतेक चुका या एका समजुतीतून निघतात. रिअ‍ॅक्टन्सचे एककही ओहमच आहे, त्यामुळे गैरसमज आणखी घट्ट होतो. रोध प्रवाह अडवतो तेव्हा ऊर्जा जाळतो. रिअ‍ॅक्टन्स अडवतो तेव्हा ऊर्जा उसनी घेतो आणि परत करतो.

हे घडते कसे? तारेतून प्रवाह वाहिला की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. प्रवाह बदलला की क्षेत्र बदलते, आणि बदलते क्षेत्र त्याच तारेत विद्युतदाब निर्माण करते. मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये विद्युतचुंबकीय प्रवर्तन दाखवून दिले. त्याच सुमारास अमेरिकेत ऑल्बनी येथे शिकवणाऱ्या जोसेफ हेन्री यांनी पाहिले की लांब तारेच्या कॉइलमधला प्रवाह तोडताना ठळक ठिणगी उडते. १८३२ मध्ये त्यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केले. कॉइलने स्वतःवरच केलेले हे प्रवर्तन होते. निर्माण होणारा दाब कोणत्या दिशेने असतो, याचा नियम लवकरच हाइनरिख लेंझ यांनी मांडला: ज्या बदलामुळे तो जन्मला, त्या बदलालाच तो विरोध करतो.

जड जात्याची आठवण इथे उपयोगी पडते. फिरू लागायला ते वेळ घेते आणि फिरू लागले की हात सोडला तरी लगेच थांबत नाही. एका दिशेने सावकाश ओढत राहिले तर ते चांगला वेग धरते; पण खुंटा भराभर पुढेमागे हलवू पाहिला तर जाते जेमतेम हलते. आणि हलवणे जितके घाईचे, तितके ते कमी हलते. कॉइलमधल्या प्रवाहाचेही तसेच आहे. डीसीवर, सुरुवातीचा क्षण सोडला तर, कॉइल म्हणजे नुसती तार. एसीवर दाबाची दिशा सेकंदाला शंभर वेळा उलटते, आणि प्रवाह मोठा व्हायच्या आतच त्याला मागे फिरावे लागते.

यातूनच सूत्र निघते. कॉइलवरचा दाब म्हणजे इंडक्टन्स गुणिले प्रवाह बदलण्याचा वेग. वारंवारता वाढली की बदलाचा वेग त्याच प्रमाणात वाढतो. म्हणून रिअ‍ॅक्टन्स = २ × पाय × वारंवारता × इंडक्टन्स. वारंवारता हर्ट्झमध्ये आणि इंडक्टन्स हेन्रीमध्ये घेतले की उत्तर ओहममध्ये मिळते. भारतात वारंवारता ५० हर्ट्झ, त्यामुळे पहिल्या तीन गोष्टींचा गुणाकार कायम ३१४.१६ येतो; वायरमनने ‘३१४ गुणिले हेन्री’ एवढे लक्षात ठेवले तरी काम भागते. अर्ध्या हेन्रीच्या कॉइलचा रिअ‍ॅक्टन्स १५७ ओहम. २३० व्होल्टवर, रोध नगण्य धरला तर, तिच्यातून १.४६ अँपिअर वाहील.

सूत्रात न दिसणारी एक गोष्ट मात्र आकड्याइतकीच महत्त्वाची आहे. साइन लाटेत प्रवाह शून्यातून जात असतो तेव्हा त्याच्या बदलाचा वेग सर्वांत जास्त असतो, आणि प्रवाह शिखरावर असतो तेव्हा बदल क्षणभर थांबलेला असतो. म्हणून शुद्ध कॉइलवर दाबाचे शिखर आधी येते आणि प्रवाहाचे पाव फेऱ्याने मागून. ५० हर्ट्झला पाव फेरा म्हणजे ५ मिलिसेकंद. एका पाव फेऱ्यात कॉइल ऊर्जा घेऊन चुंबकीय क्षेत्रात साठवते, पुढच्या पाव फेऱ्यात तीच परत देते. सरासरी वीजवापर शून्य. कोमट ट्रान्सफॉर्मरचे रहस्य एवढेच आहे; जी काही ऊब असते ती तारेच्या रोधाची आणि गाभ्यातल्या लोखंडाची.

पाव फेऱ्याच्या या अंतरामुळे रोध आणि रिअ‍ॅक्टन्स यांची सरळ बेरीज करता येत नाही. दोघे काटकोनात असल्यासारखी त्यांची बेरीज पायथागोरसच्या नियमाने होते आणि तिला इम्पीडन्स म्हणतात. इथे एक साधा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. अनोळखी कॉइल २४ व्होल्ट एसीला जोडली आणि प्रवाह ०.४ अँपिअर भरला, तर इम्पीडन्स झाला ६० ओहम. पुरवठा काढून मल्टिमीटरने रोध मोजला, तो आला ३६ ओहम. साठचा वर्ग ३६००, छत्तीसचा १२९६. वजाबाकी २३०४ आणि तिचे वर्गमूळ ४८. म्हणजे रिअ‍ॅक्टन्स ४८ ओहम. त्याला ३१४.१६ ने भागले की इंडक्टन्स मिळते ०.१५३ हेन्री. पॉवर फॅक्टर, म्हणजे रोध भागिले इम्पीडन्स, ०.६, प्रवाह दाबाच्या मागे ५३ अंश, आणि खरी वीज जळते ५.७६ वॅट. एक ट्रान्सफॉर्मर आणि एक मल्टिमीटर यांवर पंधरा मिनिटांत हे सगळे हाती येते. छत्तीस आणि अठ्ठेचाळीस यांची सरळ बेरीज करून चौऱ्याऐंशी ओहम सांगणारा विद्यार्थी हा प्रयोग एकदा केल्यावर ती चूक पुन्हा करणार नाही.

या विषयाचे गणित सोपे झाले ते एका निर्वासितामुळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एसीचे कारखाने आणि वीजवाहिन्या उभ्या राहत होत्या, पण साधे सर्किट सोडवायलाही अभियंत्यांना विकलक समीकरणे मांडावी लागत. मूळच्या ब्रेस्लाऊच्या आणि १८८९ मध्ये अमेरिकेत आलेल्या चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी १८९३ मध्ये शिकागोच्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेत दाखवले की उणे एकचे वर्गमूळ हाताशी घेतले तर हेच हिशेब बेरीज-गुणाकारावर येतात. पाव फेऱ्याचे वळण म्हणजे त्या संख्येने, जिला अभियंते ‘जे’ म्हणतात, एकदा गुणणे. वरची कॉइल मग ‘३६ अधिक जे ४८’ एवढ्यात लिहून होते. इंडक्टन्सच्या एककाला हेन्री हे नावही याच परिषदेने दिले. स्टाइनमेट्झ यांच्या पद्धतीला आज सव्वाशेहून अधिक वर्षे झाली आणि जगभरचे अभियंते अजून तिच्यावरच चालतात. विद्युतशास्त्राच्या इतिहासात त्यांची आठवण एडिसन आणि टेस्ला यांच्या तुलनेत फारच कमी काढली जाते, हे खटकते.

सूत्रातले इंडक्टन्स मात्र तयार मिळत नाही. ते कॉइलच्या घडणीतून येते. वेढे दुप्पट केले तर ते चौपट होते. चार सेंटिमीटर व्यासाच्या आणि वीस सेंटिमीटर लांबीच्या पोकळ नळीवर हजार वेढे घातले तर सुमारे ७.९ मिलीहेन्री मिळते, म्हणजे ५० हर्ट्झला जेमतेम अडीच ओहम. त्याच नळीत लोखंडी सळया सरकवल्या की ते कित्येक पटींनी वाढते. बारा व्होल्टचा दिवा अशा कॉइलशी मालिकेत जोडून सळया आत-बाहेर केल्या तर दिव्याचा प्रकाश त्याप्रमाणे कमी-जास्त होतो.

लोखंडामुळे फायदा होतो तशी गुंतागुंतही होते. एका मर्यादेपलीकडे लोखंड चुंबकत्वाने भरून जाते, त्याचे सॅच्युरेशन होते, आणि तिथून पुढे इंडक्टन्स घसरते. मग ३१४ ने गुणण्याला अर्थ उरत नाही. पॅनेल बसवणाऱ्यांना याची दुसरी बाजू चांगली ठाऊक असते: एसी कॉन्टॅक्टरचा आर्मेचर धुळीने किंवा गंजाने अडकला आणि पूर्ण ओढला गेला नाही, तर कॉइल जळते. गाभ्यात हवेची फट राहिल्याने इंडक्टन्स कमी राहते, रिअ‍ॅक्टन्स पडतो आणि कॉइल तिला न झेपणारा प्रवाह ओढत राहते. नवी कॉइल टाकून दुरुस्ती झाली असे समजणारा आठवड्याने पुन्हा तेच काम करत बसतो. दोष कॉइलमध्ये नसतो, फटीत असतो.

रिअ‍ॅक्टन्सचा सर्वांत ओळखीचा नोकर म्हणजे जुन्या ट्यूबलाइटचा चोक. ३६ वॅटची ट्यूब पेटल्यावर तिच्यावर साधारण १०३ व्होल्ट राहतात आणि प्रवाह ०.४३ अँपिअर असतो. घरात दाब २३०. उरलेला दाब कोणीतरी पेलायला हवा, नाहीतर ट्यूबमधला वायू प्रवाह बेसुमार वाढू देईल. तिथे साधा रोध घातला असता तर १२७ व्होल्ट गुणिले ०.४३, म्हणजे जवळजवळ ५५ वॅट उष्णता झाली असती. ट्यूबच्या स्वतःच्या वापराच्या दीडपट. चोकचा हिशेब वेगळा. त्याचा दाब काटकोनात असल्याने २३० च्या वर्गातून १०३ चा वर्ग वजा करून वर्गमूळ काढावे लागते. ते येते सुमारे २०६ व्होल्ट. भागिले ०.४३ म्हणजे ४७८ ओहम, आणि ३१४ ने भागले की साधारण दीड हेन्री. ट्यूबमधला दाब शुद्ध साइन लाटेचा नसतो आणि चोकच्या तारेलाही काही रोध असतो, त्यामुळे खरा आकडा थोडा पुढेमागे होतो. पण अंदाज पक्का आहे. चोक स्वतः नऊ-दहा वॅटच खातो.

इलेक्ट्रॉनिक चोक हलका का, याचे उत्तरही त्याच सूत्रात आहे. तो ट्यूबला ४० किलोहर्ट्झच्या आसपास चालवतो. वारंवारता आठशेपट झाली, म्हणून तेवढ्याच ४७८ ओहमला दोन मिलीहेन्रीहूनही कमी इंडक्टन्स पुरते. लोखंडी पट्ट्यांचा ठोकळा गेला आणि त्या जागी अंगठ्याएवढी फेराइटची कॉइल आली. विमानांत ४०० हर्ट्झ वीज वापरतात ती याच कारणाने: आठपट वारंवारतेला ट्रान्सफॉर्मर आणि मोटारी लहान व हलक्या होतात. विमानातल्या तारा आखूड असतात म्हणून हे परवडते. गावोगाव वीज नेणाऱ्या लांब तारांत आठपट रिअ‍ॅक्टन्स घातक ठरला असता.

उलट दिशेचे उदाहरण जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडच्या रेल्वेत आहे. तिथल्या विजेच्या गाड्या विसाव्या शतकाच्या आरंभी १६ पूर्णांक दोन तृतीयांश हर्ट्झवर सुरू झाल्या, कारण त्या काळच्या कॉम्युटेटर मोटारींत ५० हर्ट्झला प्रवर्तनामुळे ब्रशवर फार ठिणग्या पडत. आज मोटारी बदलल्या, तरी तिथली रेल्वे जवळपास त्याच वारंवारतेवर आहे. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर. तिथे तारेच्या रिअ‍ॅक्टन्सचा प्रश्नच नव्हता, पण एक मेगावॅटसाठी साडेसहाशेहून जास्त अँपिअर वाहून न्यावे लागत. २०१६ पर्यंत मुंबईची उपनगरी रेल्वे २५ हजार व्होल्ट एसीवर गेली. आता त्याच कामाला चाळीस अँपिअर पुरतात आणि तारेचा रिअ‍ॅक्टन्स सोसता येतो.

रेडिओत तर हा गुणधर्म नुसता सोसत नाहीत, त्याचाच उपयोग करतात. आकाशवाणी मुंबईची अस्मिता वाहिनी मध्यम लहरींवर ५५८ किलोहर्ट्झला ऐकली जाई. दोनशे मायक्रोहेन्रीच्या कॉइलचा रिअ‍ॅक्टन्स तिथे सुमारे ७०० ओहम होतो. तेवढाच, पण उलट वागणारा रिअ‍ॅक्टन्स चारशे पिकोफॅरडच्या आसपासचा कॅपॅसिटर देतो. दोघे एकमेकांना तोलतात आणि शेजारच्या स्टेशनांना मागे सारून नेमके तेच स्टेशन पुढे येते. तीच कॉइल ५० हर्ट्झला एका ओहमचा जेमतेम सोळावा भाग अडवते. म्हणून ‘या कॉइलचा रिअ‍ॅक्टन्स किती’ हा प्रश्न वारंवारता सांगितल्याशिवाय अपुरा असतो. अतिउच्च वारंवारतेला वेढ्यांमधली कॅपॅसिटन्सही जागी होते आणि कॉइल एका मर्यादेपुढे कॉइलसारखी वागणेच सोडते.

मग ऊर्जा न जाळणारा रिअ‍ॅक्टन्स फुकट आहे का? नाही, आणि महाराष्ट्राच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे. कॉइल ऊर्जा परत करते खरी, पण ती ये-जा तारेतूनच होते, आणि तारेला रोध असतो. चोकवरची ट्यूब ४५ वॅटच्या कामासाठी ०.४३ अँपिअर ओढते. फक्त कामाचा प्रवाह ०.२ अँपिअर असता. जास्तीचा प्रवाह वाटेतल्या प्रत्येक तारेला आणि ट्रान्सफॉर्मरला तापवतो.

शेतीपंपाचा हिशेब मांडला की हे आणखी स्पष्ट होते. पाच अश्वशक्तीची मोटार ८० टक्के कार्यक्षमतेने चालली तर ४.६६ किलोवॅट घेते. इंडक्शन मोटारीला फिरते चुंबकीय क्षेत्र उभे करायला प्रवाह लागतोच. पॉवर फॅक्टर ०.८ धरला तर ४१५ व्होल्टवर प्रत्येक तारेतून ८.१ अँपिअर वाहतात. मोटारीशेजारी सुमारे दोन केव्हीएआरचा कॅपॅसिटर लावला की पॉवर फॅक्टर ०.९५ होतो आणि तारेतला प्रवाह ६.८ अँपिअरवर येतो. उष्णता प्रवाहाच्या वर्गाने बदलत असल्याने त्या पंपामुळे तारेत होणारी हानी जवळजवळ २९ टक्क्यांनी घटते. फीडरवर शेकडो पंप असतात, आणि शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला जो पडलेला दाब मिळतो त्यात या जास्तीच्या प्रवाहाचा मोठा वाटा असतो. पडलेल्या दाबावर भार ओढणारी मोटार उलट जास्त प्रवाह घेते, तापते आणि रिवाइंडिंगला जाते.

एक गैरसमज इथे दूर करायला हवा. कॅपॅसिटर मोटारीच्या आतला प्रवाह कमी करत नाही. तो मोटारीची उसनवारी जागच्या जागी भागवतो, त्यामुळे कॅपॅसिटरपासून मागच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरकडच्या तारा हलक्या होतात. म्हणून तो मोटारीच्या जितका जवळ तितका चांगला, आणि म्हणूनच एकट्याने लावला तर लावणाऱ्याला फरक फारसा जाणवत नाही. सगळ्या फीडरने लावला तर सगळ्यांना जाणवतो. महावितरण वर्षानुवर्षे पंपांना कॅपॅसिटर बसवण्याचे आवाहन करते त्यामागे हे साधे गणित आहे. घरगुती मीटर फक्त खरी वीज मोजते. उच्चदाब ग्राहकांसाठी मात्र राज्यात १ एप्रिल २०२० पासून केव्हीएएच या, उसनवारीचा प्रवाहही मोजणाऱ्या, एककावर आकारणी सुरू झाली, त्यामुळे रिअ‍ॅक्टन्सच्या उसनवारीची किंमत कारखान्याच्या बिलात थेट उतरते. हा निर्णय योग्य होता. किंमत दिसल्याशिवाय कोणी सुधारणा करत नाही.

रिअ‍ॅक्टन्स रक्षणही करतो. गावातल्या १०० केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरचा इम्पीडन्स ४.५ टक्के असतो, आणि त्यातला मोठा वाटा वेढ्यांमधून निसटणाऱ्या चुंबकीय क्षेत्राच्या रिअ‍ॅक्टन्सचा. पूर्ण भाराचा प्रवाह १३३ अँपिअर. टर्मिनलवरच शॉर्ट झाले तर तो सुमारे तीन हजार अँपिअरवर थांबतो. रिअ‍ॅक्टन्स नसता तर तो त्याहून बराच जास्त झाला असता.

मोठ्या अंतरावर मात्र हाच रक्षक अडसर बनतो. ४०० किलोव्होल्टच्या वाहिनीत प्रत्येक फेजला दोन जाड तारांची जोडी असते. अशा वाहिनीचा रिअ‍ॅक्टन्स किलोमीटरला साधारण एक तृतीयांश ओहम, रोधाच्या जवळजवळ दहापट. उंच मनोऱ्यांवर एकेका फेजला दोन किंवा चार तारांचे जुडगे दिसतात, त्याचे एक कारण रिअ‍ॅक्टन्स कमी करणे हेही आहे. चंद्रपूरचे कोळशाचे वीजनिर्मिती केंद्र राज्याच्या पूर्व टोकाला आणि विजेची भूक मुंबईच्या बाजूला. मधले अंतर सुमारे ७५२ किलोमीटर, म्हणजे एका वाहिनीचा रिअ‍ॅक्टन्स अडीचशे ओहमच्या घरात. अशा वाहिनीतून जाऊ शकणारी कमाल वीज, ढोबळमानाने, दाबाचा वर्ग भागिले रिअ‍ॅक्टन्स: सुमारे ६४० मेगावॅट. दोन्ही टोकांची यंत्रणा एका लयीत राहण्यासाठी सुरक्षित अंतर ठेवले की त्याच्या निम्मीच भरवशाची. मालिकेत कॅपॅसिटर घालून हा आकडा वाढवता येतो, पण एका मर्यादेपर्यंतच. म्हणून चंद्रपूर ते मुंबईच्या बाजूचे पडघे ही वाहिनी अधिक-उणे ५०० किलोव्होल्ट डीसीची बांधली गेली आणि १९९९ पासून ती १५०० मेगावॅटपर्यंत वीज नेऊ शकते. डीसीची वारंवारता शून्य, म्हणून स्थिर प्रवाहाला तिच्या तारांचा रिअ‍ॅक्टन्सही शून्य. दोन्ही टोकांना एसीचे डीसी आणि डीसीचे एसी करणारी महागडी केंद्रे लागतात. एवढ्या अंतराला तो खर्च वसूल होतो.

सुरुवातीचा ट्रान्सफॉर्मर डीसीवर जाळणारे शून्य तेच इथे उपयोगी पडते. एवढी उदाहरणे हाताशी असताना महाराष्ट्रातल्या वर्गांत रिअ‍ॅक्टन्स अजून काल्पनिक सर्किटवर शिकवला जातो, हे बदलायला हवे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांच्या हाती खरी कॉइल, कमी दाबाचा ट्रान्सफॉर्मर आणि मल्टिमीटर द्यावा. इम्पीडन्स, रोध आणि मग रिअ‍ॅक्टन्स या क्रमाने त्यांना स्वतः काढू द्यावा. आणि ज्यांच्या विहिरीवर पंप आहे त्यांनी या हंगामाआधी स्टार्टरजवळचा कॅपॅसिटर तपासून घ्यावा: तो आहे का, जोडलेला आहे का, फुगलेला किंवा गळका तर नाही ना. हे काम पुरवठा पूर्ण बंद करून, कॅपॅसिटर डिस्चार्ज करून आणि परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.